परदेशी गेलेल्या लेकीचा कागद

आपल्या वस्तीतील मुलगी लग्न होऊन अमेरिकेला किंवा इंग्लंडला गेली, ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. गिरणीत, गोदीत, रेल्वेत किंवा नगरपालिकेच्या सफाई खात्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांची मुले इंजिनियर झाली, कॉम्प्युटरच्या कंपन्यांत लागली, परदेशी गेली. त्यांची स्थळे आता आपल्याच मुलींना येतात. बोलणी होतात तेव्हा हॉल कोणता, जेवणाची पंगत किती, दागिना किती, याची चर्चा होते. जावयाचा पगार डॉलरमध्ये किती, हेही विचारले जाते. पण आपली मुलगी तिकडे कोणत्या व्हिसावर राहणार, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही.

संसार नीट चालला तर या प्रश्नाची गरजही पडत नाही. परंतु संसार मोडतो तेव्हा नवऱ्याच्या तोंडून पहिली धमकी येते ती व्हिसाची. "तू माझ्या जिवावर इथे आहेस. उद्या तुझा व्हिसा रद्द करतो, मग पोलीस येऊन तुला विमानात बसवतील." मुलगी घाबरते. रात्री आईला फोन करते. आईबाप इकडे घाबरतात आणि सांगतात, "बाई, सोसून घे." कोणी मार खाते, कोणी उपाशी राहते, आणि हे सर्व एका अशा वाक्यापोटी, जे बरेचदा अर्धे खरे असते व काही वेळा पूर्ण खोटे असते.

धमकी किती खरी, हे मुलीच्या हातातील कागदावरून ठरते. म्हणून हे कागद कोणते आणि नवरा-बायको वेगळे झाल्यावर त्यांचे काय होते, हे आईबापांनीही समजून घेतले पाहिजे.

नवऱ्याच्या नोकरीवर आधारलेला व्हिसा

अमेरिकेत नोकरीसाठी गेलेल्या आपल्या बहुतेक मुलांकडे एच-१बी नावाचा व्हिसा असतो. त्यांच्या बायकोला मिळतो तो एच-४. हा बायकोचा स्वतंत्र व्हिसा नव्हे; तो नवऱ्याच्या व्हिसाला जोडलेला असतो. नवऱ्याची नोकरी गेली व त्याची मुदत संपली, की तिचीही संपते. एच-४ वर तिला शिक्षण घेता येते, पण नोकरी सहसा करता येत नाही. नवऱ्याचे ग्रीन कार्डाचे प्रकरण ठराविक टप्प्यापर्यंत पोहोचले असेल तर २०१५ सालापासून अशा बायकांना कामाचा परवाना मिळू लागला. पण तो परवानाही एच-४ वरच उभा असतो. एच-४ गेला की परवाना गेला.

येथे एक फरक नीट लक्षात घ्यावा. एच-४ लग्नावर अवलंबून आहे, एका छपराखाली राहण्यावर नाही. नवरा-बायको वेगळ्या घरात राहू लागले म्हणून तो त्या दिवशी संपत नाही. कायद्याने लग्न टिकून आहे आणि नवऱ्याचा एच-१बी चालू आहे, तोपर्यंत तिचा एच-४ त्यावरील मुदतीपर्यंत चालतो. बायको मैत्रिणीकडे किंवा महिलांच्या आश्रयगृहात राहायला गेली, एवढ्यावरून ती बेकायदा ठरत नाही.

मात्र कोर्टाने घटस्फोटाचा अंतिम हुकूम दिला की एच-४ चा आधारच जातो. नवऱ्याची नोकरी सुटली तर नव्या नोकरीच्या शोधासाठी साठ दिवसांपर्यंतची सवलत आहे. घटस्फोट झालेल्या एच-४ बाईला तशी सवलत नाही. म्हणून जे करायचे ते हुकूम होण्याआधी करावे लागते. विद्यार्थी व्हिसा, तिची स्वतःची नोकरी असेल तर तिचा स्वतःचा एच-१बी, किंवा आवराआवर करण्यापुरता पाहुण्याचा व्हिसा, असे बदल मागता येतात. विद्यार्थी व्हिसाला कॉलेजची भरमसाट फी लागते आणि एच-१बीला दर वर्षी ठराविक संख्येची मर्यादा व सोडत आहे, तेव्हा यातले काहीच सोपे नाही. पण अर्ज वेळेवर गेला तर मार्ग उघडा राहतो. म्हणून घटस्फोटाचा वकील आणि व्हिसाचा वकील यांची एकमेकांशी गाठ घालून द्यावी. घटस्फोटाच्या वकिलाला व्हिसातले कळतेच असे नाही. तो आपला हुकूम लवकर मिळवून देतो, आणि पक्षकार बाईचा पाया त्याच दिवशी निघून जातो.

आणखी एक गोष्ट. विमानतळावर प्रवेश देताना किती तारखेपर्यंत राहता येईल याची नोंद होते. तिला आय-९४ म्हणतात. पासपोर्टवरील व्हिसाचा शिक्का वेगळा आणि ही तारीख वेगळी. ही नोंद पासपोर्टचा नंबर टाकून मुलीला सरकारी संकेतस्थळावरून स्वतः काढता येते, नवऱ्याला विचारावे लागत नाही. ही तारीख उलटून १८० दिवसांपेक्षा जास्त राहून मग देश सोडला तर तीन वर्षे, आणि एक वर्ष किंवा जास्त राहून सोडला तर दहा वर्षे पुन्हा प्रवेश मिळत नाही. भीतीने नुसते बसून राहणे किती महाग पडते, ते यावरून कळावे.

आता धमकीचा हिशेब करू. "मी तुझा व्हिसा रद्द करतो" हे वाक्य एच-४ वरील बाईच्या बाबतीत अर्धे खरे आहे. नवऱ्याला आपल्या मर्जीने, एका फोनने, तिला देशाबाहेर काढता येत नाही. पण मुदत वाढवताना त्याचे कागद लागतात, ते तो अडवून धरू शकतो. आणि घटस्फोट घेऊन तो आधार काढून घेऊ शकतो. म्हणजे तिच्या हाती वेळ आहे, पण तो मोजका आहे.

ग्रीन कार्ड असेल तर

ग्रीन कार्ड म्हणजे कायम राहण्याचा परवाना. नवरा अमेरिकन नागरिक असेल किंवा स्वतः ग्रीन कार्डधारक असेल, तर तो बायकोसाठी अर्ज करतो. कार्ड मिळते त्या दिवशी लग्नाला दोन वर्षे पूर्ण झालेली नसतील तर कार्ड सशर्त मिळते, फक्त दोन वर्षांचे. खोटी लग्ने रोखण्यासाठी १९८६ साली तेथे कायदा झाला, त्यातून ही अट आली. दोन वर्षे संपण्याच्या आधीच्या ९० दिवसांत नवरा-बायकोने मिळून आय-७५१ नावाचा अर्ज करायचा, आणि मग अट निघते.

नवरा आणि बायको दोघांची सही! धमकीचे मूळ इथे आहे. "मी सही करणार नाही, मग बघ" असे नवरा म्हणतो. पण कायद्याने त्यालाही वाट ठेवलेली आहे. लग्न खरेपणाने केले होते आणि घटस्फोट झाला, किंवा नवऱ्याने मारहाण वा अमानुष छळ केला, किंवा देश सोडावा लागला तर असह्य हाल होतील, यांपैकी एक दाखवता आले तर बायको एकटीच्या सहीने अर्ज करू शकते. अशा एकटीच्या अर्जाला त्या ९० दिवसांची वाट पाहावी लागत नाही. घटस्फोटाच्या कारणावरून अर्ज केला तर मात्र घटस्फोटाचा हुकूम दाखवावा लागतो, नुसते वेगळे राहणे पुरत नाही.

येथे एच-४ च्या बरोबर उलटे चित्र दिसेल. एच-४ वरील बाईला घटस्फोट लवकर होणे धोक्याचे, तर सशर्त कार्डवरील बाईचे काम घटस्फोटाच्या हुकमामुळेच पुढे सरकू शकते. म्हणून शेजारणीच्या मुलीने काय केले ते ऐकून आपल्या मुलीला सल्ला देऊ नये. दोघींचे कागद वेगळे असतात.

लग्न खरे होते, हे सिद्ध करायला काय लागते? दोघांच्या नावाचे घरभाडे, दोघांचे बँक खाते, विम्यात बायकोचे नाव, आयकराचे कागद, एकत्र फोटो, मुलांचे जन्मदाखले. हे कागद संसार सुखाचा असतानाच जमत असतात. मोडल्यावर ते घरात कुलूपबंद होतात. म्हणून त्यांची एक प्रत माहेरी असावी.

दहा वर्षांचे पक्के कार्ड हाती आल्यावर वेगळे होण्याने किंवा घटस्फोटाने ते जात नाही. फक्त नागरिकत्वासाठी फरक पडतो. अमेरिकन नागरिकाबरोबर संसार करणाऱ्या बायकोला तीन वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो; वेगळी झाली तर इतरांप्रमाणे पाच वर्षांची अट.

मात्र नवरा एच-१बीवर आहे आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत उभा आहे, तर कार्ड मिळण्याआधी घटस्फोट झाल्यास त्याच्या रांगेतील बायकोची जागा जाते. भारतात जन्मलेल्यांची ही रांग फार लांब आहे. दहा-बारा वर्षे त्याच्याबरोबर वाट पाहिली तरी बाईच्या नावावर काही जमा होत नाही.

मारहाण होत असेल तर

अमेरिकेत १९९४ साली स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्ध कायदा झाला. नवरा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल आणि छळ करीत असेल, तर बायको त्याला न कळवता, त्याच्या सहीशिवाय, स्वतःच ग्रीन कार्डासाठी अर्ज करू शकते. घटस्फोट झाला असला तरी, तो छळाशी निगडित असल्यास, दोन वर्षांच्या आत हा अर्ज करता येतो. या अर्जाची माहिती सरकारी खात्याने नवऱ्याला देऊ नये, असेही कायदा सांगतो. नाव स्त्रियांचे असले तरी छळ सोसणाऱ्या पुरुषालाही हा कायदा लागू आहे.

नवरा एच-१बीवर असेल तर हा अर्ज चालत नाही, कारण तो स्वतःच तेथला कायम रहिवासी नाही. तरीही दोन वाटा आहेत. छळ सोसणाऱ्या एच-४ बायकोला स्वतंत्रपणे कामाचा परवाना मागता येतो. आणि गुन्ह्याला बळी पडून पोलिसांना तपासात मदत करणाऱ्यांसाठी २००० सालच्या कायद्याने यू-व्हिसा आला. त्याला वर्षाला १०,००० ची मर्यादा आहे व वाट पाहणाऱ्यांची रांग फार मोठी आहे, पण घरातील मारहाण त्यात बसते. त्यासाठी पोलिसांत नोंद झालेली असावी लागते. म्हणून ९११ वर फोन करायला मुलीने घाबरू नये. छळ सोसणाऱ्यांसाठी देशव्यापी मोफत फोन १-८००-७९९-७२३३ हा आहे. आपल्याकडील भाषा व घराण्याच्या अडचणी समजणाऱ्या संस्थाही तेथे आहेत: न्यू जर्सीत १९८५ पासून मानवी आणि न्यूयॉर्कमध्ये १९८९ पासून सखी.

इंग्लंडची रीत वेगळी

अमेरिकेतील एच-४ लग्नाकडे पाहतो. इंग्लंडचा व्हिसा नात्याकडे पाहतो. ब्रिटिश नागरिकाची किंवा तेथे कायम झालेल्याची बायको म्हणून मुलगी गेली तर तिला पहिल्यांदा ३३ महिन्यांचा व्हिसा मिळतो, मग ३० महिन्यांची वाढ, आणि पाच वर्षे पूर्ण झाल्यावर कायम राहण्याचा हक्क मागता येतो. २०१२ च्या जुलैपूर्वी ही मुदत दोनच वर्षांची होती. या सर्व काळात नाते चालू असले पाहिजे. ते तुटले की घटस्फोटाची वाट न पाहता गृहखात्याला कळवावे लागते, आणि खाते तिचा व्हिसा कमी करून सर्वसाधारणपणे ६० दिवस देते. तेवढ्यात दुसरा व्हिसा मागायचा किंवा परतायचे. म्हणजे इथे नुसते वेगळे राहणेही अंगावर येते.

पण नाते छळामुळे तुटले असेल तर वाट वेगळी. अशा बायकोला पाच वर्षे पूर्ण होण्याची गरज नाही, ती लगेच कायम राहण्याचा हक्क मागू शकते. हाती पैसा नसेल तर आधी तीन महिन्यांची परवानगी घेऊन सरकारी मदत व निवारा मिळवता येतो. नवरा केवळ कामाच्या किंवा विद्यार्थी व्हिसावर असेल तर या तीन महिन्यांची सवलत २०२४ पासून त्याच्या बायकोलाही आहे, पण कायम राहण्याचा हक्क तिला त्या वाटेने मिळत नाही. तेथील मोफत फोन ०८०८ २००० २४७. लंडनमधील साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ही संस्था १९७९ पासून आशियाई व आफ्रिकी बायकांसाठी हेच काम करते.

इंग्लंडमध्ये आता व्हिसाचे प्लास्टिक कार्ड राहिलेले नाही. सर्व नोंद सरकारच्या ऑनलाइन खात्यावर असते. ते खाते नवऱ्याच्या ई-मेलवर उघडलेले असेल तर मुलीच्या राहण्याचा पुरावाच त्याच्या हाती राहतो. खाते तिच्या स्वतःच्या ई-मेलवर व फोन नंबरवर असावे, हे आजच पाहून घ्यावे.

माहेरी आणून सोडलेली मुलगी

सगळ्यांत दुष्ट प्रकार हा आहे. भांडण झालेले असते, पण नवरा गोड बोलतो. "चल, महिनाभर गावाला जाऊन येऊ." बायकोला घेऊन तो येतो, तिचा पासपोर्ट व कागद घेऊन एकटाच परत जातो, आणि तिकडे घटस्फोटाचा दावा लावतो. तिला परतता येत नाही, म्हणून कोर्टात तिची बाजू मांडायला कोणी नसते. आईबाप समजतात मुलगी पाहुणी आली आहे. दोन महिन्यांनी टपालाने कागद येतो तेव्हा खरे कळते. आपल्या शेजारपाजारचे लोक तेव्हा तिलाच विचारतात, "तूच काहीतरी केले असशील." हे बोलणे आपण आधी बंद केले पाहिजे.

इंग्लंडने या प्रकाराची दखल घेतली आहे. छळ करून परदेशात सोडून दिलेल्या बायकोला २०२४ च्या जानेवारीपासून बाहेरून अर्ज करून परत प्रवेश मागता येतो. अमेरिकेत एच-४ वरील बाईसाठी अशी खास वाट नाही. म्हणून भांडण चालू असताना भारतात येण्याआधी मुलीने स्वतःचा पासपोर्ट, परतीचे तिकीट आणि सर्व कागदांच्या प्रती स्वतःजवळ ठेवाव्यात. पासपोर्ट हरवला किंवा दडवला गेला तर पोलिसांत नोंद करून नवा काढता येतो. परदेशात असेल तर भारतीय वकिलातीतून.

तिकडचा कागद आणि इकडचा कायदा

आपणा बौद्धांच्या लग्नाला १९५५ चा हिंदू विवाह कायदा लागू आहे; त्याच्या कलम २ मध्ये बौद्धांचा स्पष्ट उल्लेख आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली निकाल दिला की, परदेशी कोर्टाचा घटस्फोट आपल्या विवाह कायद्यात असलेल्या कारणावर दिलेला नसेल, आणि बायकोने त्या कोर्टात आपखुशीने हजर होऊन बाजू मांडलेली नसेल किंवा संमती दिलेली नसेल, तर तो येथे मान्य होणार नाही. म्हणून कित्येक जण सांगतात, "तिकडचा कागद फाडून टाक." हा सल्ला धोक्याचा आहे. भारतात तो हुकूम मानला गेला नाही तरी अमेरिकेत तो चालतो, आणि त्याने तिचा एच-४ संपतो. कागद आला की तो उघडावा, त्यावरील तारीख पाहावी आणि दोन्ही देशांतील वकिलांना दाखवावा.

वकिलाला पैसे कुठले, हा आपल्या घरांतला पहिला प्रश्न. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तेथे जावे. छळाची फिर्याद मुलीने जेथे आसरा घेतला त्या गावीही करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितले आहे. अनिवासी नवऱ्यांच्या तक्रारींसाठी राष्ट्रीय महिला आयोगाचा स्वतंत्र कक्ष आहे. वकिलातींकडेही अडचणीतील भारतीयांसाठी कल्याण निधी असतो.

बोलणीच्या वेळी

मुलाकडच्यांना वाईट वाटेल म्हणून आपण विचारीत नाही. पण पगार विचारताना वाईट वाटत नसेल तर व्हिसा विचारताना का वाटावे? मुलगा एच-१बीवर आहे, ग्रीन कार्डावर आहे की नागरिक आहे? तो कागद दाखवतो का? मुलगी कोणत्या व्हिसावर जाईल, तिला काम करता येईल का? सरळ मुलगा सरळ उत्तर देतो.

विहारात लग्न लागल्यावर ग्रामपंचायतीत किंवा महानगरपालिकेत रीतसर नोंदणी करून दाखल्याच्या दोन-तीन प्रमाणित प्रती घ्याव्यात. एक प्रत माहेरी राहू द्यावी. मुलीच्या पासपोर्टची, व्हिसाची आणि जावयाच्या कागदांचीही प्रत माहेरच्या पेटीत असावी. तिकडे गेल्यावर तिचे स्वतःचे बँक खाते आणि स्वतःचा फोन असावा. एच-४ वर असेल तर तिने शिकत राहावे; पुढे तोच स्वतःचा व्हिसा होऊ शकतो. तिच्या पदव्यांचे मूळ कागद तिच्याच ताब्यात असावेत.

हे सर्व केले म्हणजे संसार मोडेल असे नाही. पोरीला पोहायला शिकवले म्हणून कोणी तिला विहिरीत ढकलीत नाही. उद्या रात्री परदेशातून फोन आला आणि ती रडत म्हणाली, "आई, हा मला हाकलून देईन म्हणतो," तर तिला सोसायला सांगण्याआधी एकच विचारा: "बाळ, तुझा कागद कोणता आहे? तारीख किती आहे?" एवढे विचारणारे माहेर पाठीशी आहे, हे तिला कळू द्या.